मेणबत्ती आणि मूळ संख्या : सोफी जर्मेन



सहावीच्या वर्गात मूळ संख्यांचा धडा आला की फळ्यावर पहिल्या शंभरातल्या पंचवीस मूळ संख्या लिहिल्या जातात. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांच्याशिवाय दुसरा विभाजक नाही, ती मूळ संख्या. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेव्हा आम्ही त्यांना अभाज्य संख्या म्हणत असू. नाव बदलले तरी संख्या त्याच आणि त्यांचा खोडकरपणाही तोच. त्या कोणत्याही पाढ्यात बसत नाहीत आणि पुढची कुठे भेटेल हे सांगता येत नाही.

त्याच धड्यात पुढे जोडमूळ संख्या येतात. ज्या दोन मूळ संख्यांमध्ये फक्त २ चा फरक असतो, त्यांना आपण जोडमूळ म्हणतो. ३ आणि ५, ५ आणि ७, ११ आणि १३, १७ आणि १९, २९ आणि ३१, ४१ आणि ४३, ५९ आणि ६१, ७१ आणि ७३ अशा आठ जोड्या शंभराच्या आत सापडतात. अशा जोड्या कधी संपतात का? हा प्रश्न सहावीतल्या मुलालाही समजतो, पण त्याचे उत्तर आजपर्यंत जगातल्या एकाही गणितज्ञाला सिद्ध करून दाखवता आलेले नाही.

आता याच प्रश्नाच्या शेजारचा एक खेळ पाहू. मूळ संख्येत २ मिळवण्याऐवजी तिची दुप्पट करा आणि १ मिळवा. ५ ची दुप्पट १०, अधिक १ म्हणजे ११. ११ मूळ आहे. ११ ची दुप्पट २२, अधिक १ म्हणजे २३. तीही मूळ आहे. पण ७ घेतली तर १५ येते आणि ती मूळ नाही. ज्या मूळ संख्या या परीक्षेत पास होतात, त्यांची शंभराच्या आतील यादी अशी आहे : २, ३, ५, ११, २३, २९, ४१, ५३, ८३, ८९. एकूण दहा. या संख्यांना साऱ्या जगात सोफी जर्मेन मूळ संख्या असे म्हणतात.

ही सोफी जर्मेन कोण? तिचे चरित्र यंदा आपल्या पत्रकात द्यावे असे आम्ही ठरवले. त्यामागे एक कारण आहे, ते शेवटी सांगू.

घरात कोंडलेली तेरा वर्षांची मुलगी

सोफीचा जन्म १ एप्रिल १७७६ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील आंब्रुआझ फ्रांस्वा जर्मेन हे सुखवस्तू व्यापारी. घरात तीन मुली, त्यांतली सोफी एक. घरी पैशाची ददात नव्हती आणि वडिलांचा पुस्तकसंग्रह मोठा होता. १७८९ साली वडील राष्ट्रीय सभेवर प्रतिनिधी म्हणून निवडून गेले. त्याच वर्षी जुलै महिन्यात बॅस्टिलचा तुरुंग पडला आणि फ्रेंच राज्यक्रांतीला सुरुवात झाली. पॅरिसच्या रस्त्यांवर दंगे, मोर्चे, गोळीबार. अशा दिवसांत चांगल्या घरच्या मुलीला बाहेर कोण सोडणार? तेरा वर्षांची सोफी घरातच अडकली आणि वडिलांच्या पुस्तकांत रमली.

त्या पुस्तकांत मोंतुक्ला या लेखकाचा गणिताचा इतिहास होता. त्यात तिने आर्किमिडीजच्या मृत्यूची हकीकत वाचली. रोमन सैन्य सिराक्यूज शहरात शिरले, तेव्हा आर्किमिडीज भूमितीच्या एका आकृतीत इतका गढला होता की शिपायाच्या बोलण्याकडे त्याचे लक्षच गेले नाही आणि शिपायाने त्याला ठार मारले. शहर जळत असताना ज्या विषयाने माणसाला स्वतःचा जीव विसरायला लावले, तो विषय असेल तरी कसा, असे सोफीला वाटले. तिने तो विषय शिकायचे ठरवले.

शिकवणारे कोणी नव्हते. तिने बेझू यांचे पाठ्यपुस्तक स्वतःच सोडवायला घेतले. न्यूटन आणि ऑयलर यांचे ग्रंथ लॅटिनमध्ये होते, म्हणून ती लॅटिनही स्वतःच शिकली.

आईवडिलांना हे मुळीच आवडले नाही. मुलीने गणित शिकणे त्यांना शोभेसे वाटत नव्हते, आणि तिच्या तब्येतीचीही त्यांना काळजी होती. तिच्या मृत्यूनंतर परिचितांनी लिहिलेल्या आठवणींत पुढची गोष्ट आली आहे. सोफी रात्री वाचते हे लक्षात आल्यावर घरच्यांनी तिच्या खोलीतली शेकोटी विझवायला सुरुवात केली. मग मेणबत्त्या काढून घेतल्या, तिचे उबदार कपडेही उचलून नेले. सोफी सर्वांना झोप लागेपर्यंत थांबायची. मग लपवून ठेवलेली मेणबत्ती पेटवून, अंगाभोवती पांघरुणे गुंडाळून अभ्यासाला बसायची. एका सकाळी घरच्यांना ती टेबलावरच झोपी गेलेली दिसली. दौतीतली शाई गोठली होती आणि पाटी आकडेमोडीने भरली होती. त्यानंतर आईवडिलांनी विरोध सोडला. पुढे आयुष्यभर वडिलांनीच तिचा खर्च चालवला. तिने लग्न केले नाही आणि तिला कधी नोकरीही मिळाली नाही. वडिलांचा आधार नसता तर तिचे गणित तिथेच थांबले असते, ही गोष्ट पालकांनी विसरू नये.

दुसऱ्याच्या नावावर दिलेला गृहपाठ

१७९४ मध्ये पॅरिसमध्ये एकोल पॉलिटेक्निक ही मोठी विज्ञानसंस्था सुरू झाली. देशातले उत्तमोत्तम गणितज्ञ तिथे शिकवत होते. सोफी तेव्हा अठरा वर्षांची होती, पण त्या संस्थेत मुलींना प्रवेश नव्हता. मात्र व्याख्यानांच्या टिपणांच्या प्रती मिळवता येत असत. सोफीने त्या मिळवल्या. सत्राच्या शेवटी विद्यार्थी प्राध्यापकांना लेखी निरीक्षणे देत, तशी तिनेही लाग्रांज यांना दिली. त्यावर नाव मात्र आपले न घालता तिने ल ब्लां या एका विद्यार्थ्याचे घातले.

लाग्रांज हे युरोपातल्या सर्वश्रेष्ठ गणितज्ञांपैकी एक होते. या ल ब्लांचे काम त्यांच्या नजरेत भरले. हा विद्यार्थी कोण याची त्यांनी चौकशी केली आणि खरी गोष्ट बाहेर आली. लाग्रांज रागावले नाहीत. त्यांनी सोफीची भेट घेऊन तिचे कौतुक केले आणि पुढेही तिला मार्गदर्शन केले. मुलांनो, शिक्षकाचा मोठेपणा असा असतो.

१८०१ मध्ये जर्मनीतील कार्ल फ्रीडरिश गाउस यांचा अंकसिद्धांतावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो इतका अवघड होता की भलेभले त्याला हात लावत नसत. सोफीने तो नीट अभ्यासला, त्यातल्या काही गोष्टी आपल्या पद्धतीने पुढे नेल्या आणि नोव्हेंबर १८०४ मध्ये गाउस यांना पत्र लिहिले. सही पुन्हा ल ब्लां या नावाने. बाईचे पत्र म्हणून ते बाजूला पडेल अशी तिला भीती होती. गाउस वयाने तिच्यापेक्षा एका वर्षाने लहान, पण कीर्तीने फार मोठे. त्यांनी या अनोळखी फ्रेंच माणसाला मनापासून उत्तर दिले आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

१८०६ मध्ये नेपोलियनच्या फौजा जर्मनीत शिरल्या आणि गाउस राहत होते ते ब्राउनश्वाइग शहर फ्रेंचांच्या ताब्यात गेले. सोफीला लहानपणी वाचलेला आर्किमिडीज आठवला. तसेच पुन्हा घडले तर? जनरल पेर्नेती हे तिच्या घरच्यांच्या ओळखीचे सेनाधिकारी त्या मोहिमेवर होते. तिने त्यांना निरोप पाठवून गाउस यांच्या सुरक्षिततेची काळजी घेण्याची विनंती केली. जनरलने एक अधिकारी गाउस यांच्या घरी पाठवला. अधिकाऱ्याने आपण सोफी जर्मेन यांच्या विनंतीवरून आलो आहोत असे सांगितले, तेव्हा गाउस गोंधळून गेले, कारण या नावाची कोणी बाई त्यांना माहीतच नव्हती.

शेवटी फेब्रुवारी १८०७ मध्ये सोफीने पत्र लिहून आपले खरे नाव कळवले. गाउस यांचे उत्तर एप्रिलअखेर आले. एखाद्या स्त्रीला आपल्या समाजातील रूढींमुळे या अभ्यासात पुरुषापेक्षा किती जास्त अडचणी येतात हे त्यांनी ओळखले, आणि त्या ओलांडून ती इतक्या खोलवर पोचली याबद्दल मोकळ्या मनाने आदर व्यक्त केला. पुढे गाउस खगोलशास्त्राच्या कामात गुंतले आणि पत्रे विरळ होत गेली, पण त्या एका पत्राने सोफीला मोठे बळ दिले.

दुप्पट करून एक मिळवण्याचा उपयोग

आता तिच्या नावाच्या संख्यांकडे वळू. १६३७ च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने एका पुस्तकाच्या समासात एक विधान लिहून ठेवले होते. दोन पूर्ण वर्गांची बेरीज पूर्ण वर्ग होऊ शकते, जसे ९ आणि १६ मिळून २५. पण दोन घनांची बेरीज घन होत नाही, दोन चौथ्या घातांची बेरीज चौथा घात होत नाही, आणि पुढेही कोणत्याच घातासाठी असे होत नाही, असे ते विधान होते. सिद्धता मात्र त्याने लिहिली नव्हती. चौथ्या घाताची सिद्धता स्वतः फर्माच्या लिखाणातून मिळाली, तिसऱ्याचे काम ऑयलर यांनी केले. दीडशे वर्षांत एवढीच प्रगती. एकेक घात घेऊन असे चालले असते तर हे काम कधीच संपले नसते.

सोफीने एकदम पुष्कळ घातांना लागू पडेल असा मार्ग शोधला. तो समजून घ्यायला आठवीतले गणित पुरेसे आहे. पाचवा घात घेऊ. ५ ची दुप्पट अधिक १ म्हणजे ११, आणि ११ मूळ आहे. आता कोणत्याही संख्येचा पाचवा घात घेऊन त्याला ११ ने भागा. २ चा पाचवा घात ३२, बाकी १०. ३ चा पाचवा घात २४३, बाकी १. ४ चा १०२४, बाकी १. ५ चा ३१२५, बाकी १. ६ चा ७७७६, बाकी १०. कितीही मोठी संख्या घ्या, बाकी १ किंवा १० च उरेल. संख्या मुळातच ११ च्या पटीतली असेल तरच बाकी ० येईल.

आता समजा दोन पाचव्या घातांची बेरीज तिसरा पाचवा घात झाली. पहिल्या दोन संख्या ११ च्या पटीतल्या नसतील तर बाक्यांची बेरीज १ अधिक १ म्हणजे २, किंवा १ अधिक १० म्हणजे ११ (म्हणजे बाकी ०), किंवा १० अधिक १० म्हणजे २० (म्हणजे बाकी ९) अशीच होईल. तिसऱ्या घाताची बाकी मात्र ०, १ किंवा १० यांपैकीच हवी. २ आणि ९ चालणार नाहीत. उरली फक्त ०, म्हणजे तिसरी संख्या ११ च्या पटीतली असली पाहिजे. थोडक्यात, अशी तीन संख्यांची त्रयी असलीच तर तिच्यातली निदान एक संख्या ११ ने भागली जाणारच.

ही झाली पहिली पायरी. इथून पुढे जाऊन सोफीने असे सिद्ध केले की घात ही दोनपेक्षा मोठी मूळ संख्या असेल आणि तिची दुप्पट अधिक १ हीसुद्धा मूळ असेल, तर फर्माच्या समीकरणाला कोणतेही उत्तर असल्यास त्या तीन संख्यांपैकी एक तरी त्या घाताने भागली गेलीच पाहिजे. म्हणजे प्रश्नाचे दोन भाग पडले आणि पहिला भाग अशा सगळ्या घातांसाठी एकदम निकालात निघाला. ७ सारख्या घाताला ही युक्ती लागू पडत नाही, कारण १५ मूळ नाही. तिथे तिने चौपट अधिक १, म्हणजे २९ अशा दुसऱ्या मूळ संख्या वापरल्या. या रीतीने १०० च्या आतल्या सर्व विषम मूळ घातांसाठी पहिला भाग तिने सोडवला.

हे काम तिच्या स्वतःच्या नावाने छापलेच गेले नाही. लजांद्र या ज्येष्ठ गणितज्ञाने आपल्या निबंधाच्या एका तळटीपेत त्याचे श्रेय तिला दिले, आणि पुढची दीडशेहून अधिक वर्षे जगाने तिला त्या तळटीपेपुरतेच ओळखले. पॅरिस आणि फ्लॉरेन्स येथे जपलेली तिची हस्तलिखिते अलीकडे इतिहासकारांनी बारकाईने वाचली, तेव्हा लक्षात आले की तिचे काम तळटीपेपेक्षा बरेच मोठे होते आणि फर्माचे संपूर्ण विधान सिद्ध करण्याची एक व्यापक योजना तिने आखली होती. ती योजना तडीस गेली नाही. फर्माचे विधान शेवटी अँड्र्यू वाइल्स यांनी १९९४ मध्ये अगदी वेगळ्या मार्गाने सिद्ध केले.

वाळूच्या आकृत्या आणि तीन प्रयत्न

१८०८ च्या सुमारास क्लाडनी नावाचे जर्मन शास्त्रज्ञ पॅरिसला आले. ते धातूच्या पत्र्यावर बारीक वाळू पसरत आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवत. पत्रा कंप पावला की वाळू सरकून सुंदर आकृत्या तयार होत. नेपोलियननेही हा प्रयोग पाहिला. या आकृत्या नेमक्या अशाच का होतात याचा गणिती सिद्धांत मांडणाऱ्यासाठी विज्ञान अकादमीने बक्षीस जाहीर केले. विषय इतका कठीण होता की मोठमोठे लोक मागे राहिले. १८११ मध्ये मुदत संपली तेव्हा एकच निबंध आला होता, तो सोफीचा.

तो नापास झाला. तिची कल्पना चांगली होती, पण गणिताच्या मांडणीत चुका होत्या. लाग्रांज यांनी तिच्या कल्पनेवरून योग्य समीकरण काढून दाखवले. मुदत वाढली. १८१३ मध्ये दुसऱ्या निबंधाला केवळ सन्माननीय उल्लेख मिळाला. तिसऱ्यांदा तिने पुन्हा लिहिले आणि जानेवारी १८१६ मध्ये बक्षीस तिला जाहीर झाले. त्या अकादमीचे बक्षीस मिळवणारी ती पहिली स्त्री. परीक्षकांनी त्या वेळीसुद्धा काही त्रुटी दाखवल्याच होत्या. समारंभाला ती गेली नाही. आपला निबंध पुढे १८२१ मध्ये तिने स्वखर्चाने छापला.

अकादमीच्या सभांना बसण्याची परवानगीही तिला बक्षिसानंतर लगेच मिळाली नाही. सभासदांच्या पत्नींखेरीज इतर स्त्रियांना तिथे प्रवेश नसे. फूरिए हे अकादमीचे सचिव झाल्यावर, १८२३ मध्ये त्यांनी तिची सोय केली. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

१८२९ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले. १८३० मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली. रस्त्यावर पुन्हा गोळीबार आणि घरात पुन्हा सोफी कागद-लेखणी घेऊन बसलेली. आजारपणातही तिने लिहिणे थांबवले नाही. २७ जून १८३१ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ती वारली. मृत्यूच्या नोंदीत व्यवसायाच्या जागी गणितज्ञ असे लिहिले गेले नाही, तर मालमत्तेच्या उत्पन्नावर राहणारी स्त्री अशी नोंद झाली. १८८९ मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला, तेव्हा त्यावर फ्रान्सच्या ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावे कोरण्यात आली. लाग्रांज, लजांद्र, फूरिए ही नावे तिथे होती. लवचीक पत्र्यांच्या गणितावर आयुष्याची इतकी वर्षे घालवणाऱ्या सोफीचे नाव मात्र त्यांत नव्हते. पॅरिसमध्ये तिच्या नावाचा एक रस्ता आणि एक शाळा आहे, हे आम्हा शाळावाल्यांना विशेष गोड वाटते.

तिच्या संख्या आज कुठे आहेत

सोफीच्या संख्या आणि जोडमूळ संख्या या सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. दहा हजारांच्या आत जोडमूळ जोड्या २०५ आणि सोफीच्या संख्या १९०. दहा लाखांच्या आत जोड्या ८१६९, तर सोफीच्या संख्या ७७४६. दोन्ही याद्या जवळजवळ बरोबरीने चालतात. हार्डी आणि लिटलवुड या इंग्रज गणितज्ञांनी १९२३ मध्ये अशा याद्या किती दाट असाव्यात याचे अंदाज मांडले, त्यानुसार दोन्हींना एकच सूत्र लागू पडते. पण दोन्ही याद्या अनंत आहेत का, हे दोन्हींबाबत अजून सिद्ध झालेले नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी असे दाखवले की ज्यांच्यातले अंतर सात कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. पुढच्या वर्षभरात इतरांनी हे अंतर २४६ पर्यंत खाली आणले. पोचायचे आहे २ पर्यंत. झांग यांनी हे काम केले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, हे आमच्या वयाच्या मंडळींनी लक्षात ठेवावे!

या संख्यांचा आपल्या देशाशीही संबंध आला. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी नीरज कयाल व नितिन सक्सेना यांनी दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची एक नवी, नेमकी आणि जलद रीत जगापुढे ठेवली. ही रीत किती वेगाने चालेल याचा हिशेब करताना त्यांनी सांगितले की सोफी जर्मेन संख्या अपेक्षेइतक्या दाट असतील तर ती आणखी वेगवान ठरते. शिवाय संगणकावरून गुप्त संदेश पाठवण्याच्या काही पद्धतींतही या संख्यांचे जोडीदार, म्हणजे दुप्पट अधिक १ करून येणाऱ्या मूळ संख्या, वापरल्या जातात. थंडीत पांघरुणे गुंडाळून बसलेल्या मुलीचे गणित असे दोनशे वर्षांनी उपयोगी पडले.

मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. जोडमूळ जोडीतली लहान संख्या घ्या आणि ती सोफीची संख्याही आहे का ते पाहा. शंभराच्या आत अशा पाचच संख्या आहेत : ३, ५, ११, २९ आणि ४१. शंभर ते दोनशे यांमध्ये अशा आणखी दोन आहेत. त्या शोधा. दुसरा प्रश्न : २ पासून निघून दुप्पट अधिक १ करत गेलो तर २, ५, ११, २३, ४७ अशी पाच मूळ संख्यांची साखळी होते आणि ९५ वर तुटते. ८९ पासून निघालो तर साखळी किती लांब जाते? आणि तिसरा, जरा विचाराचा : ७, १३, १९, ३१ या संख्या कधीच पास का होत नाहीत? ३ ने भागून बाकी पाहा, उत्तर सापडेल. उत्तरे आमच्या कार्यालयात आणून द्यावीत. वही बघायला आम्हाला आवडेल.

आता ते कारण

सोफीची गोष्ट सहसा मुलांना ऐकवली जाते : पाहा, तिने मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास केला, तुमच्याकडे तर ट्यूबलाइट आहे! असे आम्हीही प्रार्थनेच्या वेळी सांगितले आहे. पण नीट विचार केल्यावर वाटू लागले की ही गोष्ट मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त ऐकवायला हवी. सोफीचे कष्ट थोर आहेतच, पण ते तिला का करावे लागले? पत्र्यांच्या गणितात तिच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या अकलेच्या कमतरतेने झाल्या नाहीत. एकोल पॉलिटेक्निकच्या वर्गात शिस्तीने शिकायला मिळाले असते तर त्यांतल्या बऱ्याच टळल्या असत्या. पुस्तके मिळाली, पण वर्ग मिळाला नाही, शेजारी बसून चूक दाखवणारा कोणी मिळाला नाही. जिद्दीने दार उघडते हे खरे, पण दार लावून घेणाऱ्याने त्याचे श्रेय घेऊ नये.

दरवर्षी दहावीच्या निकालानंतर काही पालक आमच्याकडे येतात. मुलीला गणितात चांगले गुण असतात, तिला तो विषय आवडत असतो, आणि तरीही अकरावीत तो सोडून द्यायचे घरी ठरलेले असते. शिकवणी संध्याकाळी उशिरा असते, जायला-यायला सोबत नसते, आणि मुलीला एवढे गणित घेऊन करायचे काय असाही विचार असतो. पालकांच्या काळजीची आम्ही थट्टा करत नाही. सोफीच्या आईवडिलांनाही काळजीच होती. पण त्यांनी शेवटी शेकोटी पुन्हा पेटवली, आणि आमचीही पालकांना तेवढीच विनंती आहे. विषय सोडवण्याआधी एकदा मुलीला विचारा आणि एकदा आम्हाला भेटा.

विश्वस्त मंडळींनाही एक नम्र सूचना. शाळा सुटल्यावर वाचनालय आणि त्याला लागून असलेली एक वर्गखोली दोन तास उघडी ठेवता आली आणि गणिताचे एक शिक्षक तिथे बसले, तर संध्याकाळी दूर जाण्याचा प्रश्न बऱ्याच मुलींपुरता सुटेल. दोन दिवे, एक फळा आणि एका शिक्षकाचे थोडे मानधन, खर्च एवढाच. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा अशी विनंती आहे. पहिल्या महिन्याचे तास आम्ही स्वतः घेऊ.

सोफीला तिच्या काळात तळटीपेत जागा मिळाली. आपल्या मुलींना वर्गात बाकावर जागा मिळो, एवढीच इच्छा.

मुख्याध्यापक